डोळ्याच्या पडद्याखाली बसणारी चिप

ऑक्टोबर २०२५ मध्ये एक बातमी जगभर गेली. मध्यभागाची दृष्टी गमावलेल्या युरोपातल्या काही वृद्धांच्या डोळ्यात दोन मिलिमीटर लांबी-रुंदीची चिप बसवली आणि ते पुन्हा अक्षरं वाचू लागले, अशी ती बातमी होती. मी सांगली जिल्ह्यातल्या एका धर्मादाय नेत्ररुग्णालयात ऑप्टोमेट्रिस्ट आहे आणि तिथला 'लो व्हिजन' विभाग सांभाळते. चष्मा, औषध किंवा शस्त्रक्रिया यांनी ज्यांची नजर आता सुधारणार नाही, अशी माणसं माझ्याकडे येतात. बातमी आली तसे फोन सुरू झाले. कुणी वर्तमानपत्राचं कात्रण आणलं, कुणी नातवाच्या मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. एक निवृत्त तलाठी म्हणाले, "मॅडम, अर्धा एकर विकायची तयारी आहे. फक्त ती चिप कुठं मिळते तेवढं सांगा."

माणूस जमीन विकायला निघतो तेव्हा त्याला पूर्ण माहिती मिळाली पाहिजे. ही चिप काय आहे, कशी चालते, कुणाला उपयोगी आहे, आणि ती बसवून घेण्याआधी कोणते प्रश्न विचारायला हवेत, हे मी ओपीडीत तुकड्यातुकड्यांनी सांगत आले. इथे ते सलग सांगते.

सुरुवात डोळ्यापासूनच करू. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ थर असतो. त्याला दृष्टिपटल किंवा रेटिना म्हणतात. आमच्याकडे सगळे 'पडदा' म्हणतात, मीही तेच म्हणते. या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे १२ कोटी, आणि रंग व बारकावे ओळखणाऱ्या शंकुपेशी सुमारे ६० लाख. पडद्याच्या मध्यभागी, मॅक्युला नावाच्या जागी, शंकुपेशींची सर्वांत जास्त दाटी असते. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं हे सगळं त्या इवल्याशा जागेवर चालतं.

या पेशी प्रकाशाचा संदेश बनवतात आणि पडद्यातल्याच पुढच्या थरांतल्या पेशींना देतात. आधी द्विध्रुवी पेशी, मग गँग्लियन पेशी. गँग्लियन पेशींच्या लांब तंतूंचा जुडगा म्हणजे डोळ्याची नस. तीत सुमारे १० लाख तंतू असतात. बारा कोटींहून जास्त पेशींनी टिपलेलं चित्र दहा लाख तंतूंतून मेंदूकडे जातं, याचा अर्थ निवडण्या-पाखडण्याचं मोठं काम पडद्यातच उरकलेलं असतं. वस्तूची कड कुठे आहे, काय हललं, उजेड कुठे बदलला, हे पडदा आधीच वेगळं काढतो.

माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये पडद्याचे दोन आजार फार दिसतात. पहिला म्हणजे वयानुसार मॅक्युला झिजणं. एका आजींनी मला त्याचं अचूक वर्णन सांगितलं होतं: "समोरच्याचं तोंड दिसत नाही गं, पण पायातल्या चपला दिसतात." त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता, कडेची नजर शाबूत होती. दुसरा आजार रेटिनायटिस पिगमेंटोसा, थोडक्यात आरपी. हा आनुवंशिक आहे. लहानपणी किंवा तरुणपणी रातांधळेपणाने सुरू होतो आणि मग नजर कडेकडून आवळत येते. अशा माणसाला ताटातली भाजी दिसते, पण शेजारचा पाण्याचा तांब्या दिसत नाही. नात्यातल्या नात्यात लग्नं होतात अशा घरांत याचे काही प्रकार जास्त आढळतात, म्हणून मी प्रत्येक आरपीच्या रुग्णाला आई-वडिलांचं आधीचं नातं विचारते.

दोन्ही आजारांत एक गोष्ट सारखी आहे. प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात, पण त्यांच्या पुढच्या थरांतल्या बऱ्याच पेशी आणि डोळ्याची नस पुढे कित्येक वर्षं जिवंत राहतात. संदेश न्यायला वाट आहे, संदेश देणारंच कुणी उरलेलं नाही. कृत्रिम रेटिनाची सगळी कल्पना याच वस्तुस्थितीवर उभी आहे. मेलेल्या पेशींच्या जागी प्रकाश ओळखणारी चिप ठेवायची आणि तिच्या विजेने पुढच्या जिवंत पेशींना जागं करायचं.

म्हणूनच ही चिप सगळ्या अंधत्वावर चालत नाही. काचबिंदूत डोळ्याची नसच सुकते. अपघातात नस तुटलेली असेल तरी तेच. अशा डोळ्यात कितीही उत्तम चिप बसवली तरी तिचा संदेश मेंदूपर्यंत पोचणार नाही. नेत्रदानातून डोळा बदलता येईल का, असंही लोक विचारतात. नेत्रदानातून बसवतात तो डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, कॉर्निया. त्याने कॉर्नियामुळे आलेलं अंधत्व जातं, आणि त्यासाठी प्रत्येकाने नेत्रदान करावं असं मी कळकळीने सांगते. पण दहा लाख तंतू पुन्हा जोडता येत नसल्यामुळे अख्खा डोळा बसवून कुणाला दृष्टी देता येत नाही.

आता चिपकडे वळू. सिलिकॉनवर प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वीज वाहते. गच्चीवरच्या सोलर पॅनेलमध्ये जे घडतं तेच इथे, फक्त केसाच्या जाडीएवढ्या जागेत. अशा एका सूक्ष्म घटकाला फोटोडायोड म्हणतात. हजारो फोटोडायोड एका पातळ तुकड्यावर रचले आणि तो तुकडा पडद्याखाली सरकवला, तर प्रत्येक ठिकाणी जेवढा उजेड पडेल तेवढी वीज तिथल्या पेशींना मिळेल, असा सरळ विचार अमेरिकेतल्या ॲलन आणि व्हिन्सेंट चाऊ या भावांनी केला. त्यांच्या ऑप्टोबायॉनिक्स कंपनीची चिप दोन मिलिमीटर व्यासाची होती, जाडी अवघी २५ मायक्रोमीटर, आणि तिच्यावर सुमारे ५००० फोटोडायोड होते. इलिनॉय राज्यात २००० साली ती पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवली गेली.

ती चिप डोळ्यात टिकली, पण तिने चित्र दिलं नाही. खोलीतल्या किंवा रस्त्यावरच्या उजेडाने एका एवढ्याशा फोटोडायोडमध्ये जी वीज तयार होते, ती पेशीला जागं करायला लागणाऱ्या विजेपेक्षा फार फार कमी असते. काही रुग्णांना थोडं बरं दिसू लागलं होतं. मात्र ती सुधारणा चिपपासून दूरच्या भागातही होती. त्यामुळे ती चित्रातून आली नसून शस्त्रक्रियेने किंवा सौम्य विजेने पेशींना काही काळ उभारी मिळाली असावी, असा निष्कर्ष निघाला. ही कंपनी २००७ मध्ये दिवाळखोरीत गेली.

ही अडचण सोडवायला तीन वेगवेगळे रस्ते निघाले.

पहिला रस्ता जर्मनीचा. ट्यूबिंगेनचे प्राध्यापक एबरहार्ट त्स्रेनर आणि रॉयटलिंगेनची रेटिना इम्प्लांट ही कंपनी यांनी प्रत्येक फोटोडायोडला स्वतःचा प्रवर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर, जोडला. तीन मिलिमीटरच्या चिपवर असे १५०० घटक बसवले. प्रवर्धकाला बाहेरून वीज लागते, म्हणून डोळ्यातून निघालेली बारीक तार कातडीखालून कानामागे नेली. या रचनेत प्रकाश ओळखणारी चिप डोळ्यातच असल्यामुळे माणूस डोळा फिरवेल तिकडचं दिसायचं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एका रुग्णाने टेबलावर मांडलेली मोठी अक्षरं जोडून स्वतःचं नाव वाचलं आणि त्याचं स्पेलिंग चुकल्याचंही सांगितलं. वाचन खरोखर झालं याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही. अक्षरं चुकीची आहेत हे अंदाजाने सांगता येत नाही.

दुसरा रस्ता कॅलिफोर्नियातल्या सेकंड साइट कंपनीचा. त्यांनी प्रकाश ओळखण्याचं काम डोळ्याबाहेर काढलं. चष्म्यात कॅमेरा, कमरेला छोटा संगणक, आणि पडद्याच्या वरच्या पृष्ठभागावर ६० इलेक्ट्रोडची जाळी. या 'आर्गस २' उपकरणाला युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत फेब्रुवारी २०१३ मध्ये मान्यता मिळाली. किंमत होती सुमारे दीड लाख डॉलर. दिसायचं ते साठ ठिपक्यांतून. दार, खिडकी, फुटपाथची कड, समोर कुणी उभं आहे एवढं कळायचं. कॅमेरा चष्म्यात असल्याने डोळा फिरवून भागायचं नाही, मान फिरवावी लागायची.

तिसरा रस्ता स्टॅनफर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ डॅनियल पॅलँकर यांचा, आणि ऑक्टोबरच्या बातमीतली चिप तीच. तिचं नाव प्रिमा. लांबी-रुंदी दोन मिलिमीटर, जाडी ३० मायक्रोमीटर, आणि तिच्यावर ३७८ पिक्सेल. प्रत्येक पिक्सेल १०० मायक्रोमीटरचा. तिला तार नाही, बॅटरी नाही. चाऊ बंधूंप्रमाणेच ती फक्त उजेडावर चालते, पण तो उजेड साधा नाही. रुग्ण एक चष्मा घालतो. त्यातला कॅमेरा समोरचं दृश्य टिपतो, खिशातला छोटा संगणक ते स्पष्ट करतो, हवं तर मोठं करतो, आणि चष्म्यातला सूक्ष्म प्रोजेक्टर ते चित्र तीव्र अवरक्त किरणांनी थेट चिपवर पाडतो.

अवरक्तच का, यामागे मोठी युक्ती आहे. सुमारे ८८० नॅनोमीटरचे हे किरण माणसाच्या पेशींना दिसत नाहीत. सिलिकॉनला मात्र उत्तम दिसतात. त्यामुळे चिपला हवी तेवढी ताकद देता येते आणि रुग्णाची उरलेली कडेची नजर दिपत नाही. म्हणजे आमच्या त्या आजींना अशी चिप बसवली तर कडेने चपलाही दिसत राहतील आणि मध्यभागी अक्षरही उमटेल. एकाच चिपवर वीज आणि चित्र दोन्ही प्रकाशातूनच पोचतं, म्हणून डोळ्याच्या भिंतीतून तार काढावी लागत नाही. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर कल्पना वाटते.

अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका आरपीच्या मुलाने मला विचारलं होतं, "मॅडम, मोबाइलच्या कॅमेऱ्यात पाच कोटी पिक्सेल असतात, मग डोळ्यात ३७८ च का?" फार योग्य प्रश्न आहे. मोबाइलच्या चिपमधल्या पिक्सेलने फक्त उजेड मोजायचा असतो. आकडा तारेतून बाहेर जातो आणि काम संपतं. डोळ्यातल्या पिक्सेलला जिवंत पेशीला धक्का द्यायचा असतो. ती वीज खारट पाण्यातून जाते आणि लगेच आजूबाजूला पसरते. पिक्सेल जवळजवळ ठेवले की एकाची वीज दुसऱ्यात मिसळते आणि अक्षराची कड पुसट होते. म्हणून प्रिमाच्या प्रत्येक पिक्सेलभोवती वीज परत घेणारं कडं आहे. पण पिक्सेल फार लहान केला की या कड्यामुळे वीज पेशींपर्यंत वर पोचतच नाही. शिवाय प्रत्येक स्पंदनात जेवढा विद्युतभार दिला तेवढा परत घ्यावा लागतो, नाहीतर पेशी आणि इलेक्ट्रोड दोन्ही खराब होतात. चिप तापून चालत नाही, आणि शरीरातल्या क्षारांत वर्षानुवर्षं गंजूनही चालत नाही. या सगळ्या अटी एकत्र पाळत पिक्सेलची संख्या वाढवणं हेच सध्याचं संशोधन आहे. स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत २० मायक्रोमीटरच्या पिक्सेलच्या चिप उंदरांमध्ये तपासल्या गेल्या आहेत. तेवढ्याच जागेत मग सुमारे दहा हजार पिक्सेल मावतात.

ऑक्टोबरमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात प्रिमाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. फ्रान्स, जर्मनी, इटली, नेदरलँड्स आणि ब्रिटन या पाच देशांतल्या १७ रुग्णालयांत ३८ जणांना चिप बसवली होती. सगळे साठीच्या पुढचे आणि सगळ्यांना मॅक्युला झिजण्याचा कोरडा, पुढच्या टप्प्यातला आजार होता. वर्षानंतर तपासणीला आलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांच्या नजरेत अर्थपूर्ण सुधारणा दिसली. सरासरी सुधारणा तक्त्यावरच्या पाच ओळींची. २७ जण घरी चष्मा लावून अंक किंवा शब्द वाचत होते. ज्या आजारात गेलेली मधली नजर परत आणणारं काहीच नव्हतं, त्यात हे घडलं. रोज 'आता काही होणार नाही' हे वाक्य सांगावं लागणाऱ्या माझ्यासारखीला या आकड्यांनी किती आनंद झाला असेल, याची वाचकांना कल्पना येईल.

पण त्याच लेखातल्या बाकीच्या गोष्टीही मी रुग्णांना सांगते. १९ जणांना मिळून २६ गंभीर त्रास झाले. डोळ्यातला दाब वाढणं, पडद्याला छिद्र पडणं, रक्तस्राव असे. त्यांतले बहुतेक शस्त्रक्रियेनंतरच्या दोन महिन्यांतले होते आणि बहुतेक बरेही झाले, पण ते झाले. या चिपमधून रंग दिसत नाहीत. दिसतं ते काळं-पांढरं आणि लहानशा चौकटीतलं. अक्षर वाचता येतं ते चष्म्यातल्या झूमच्या मदतीने. चेहऱ्यावरचे भाव ओळखण्याइतका बारकावा अजून आलेला नाही. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने शिकावं लागतं, कारण मेंदूला या नव्या ठिपक्यांची भाषा माहीत नसते. आणि ही चाचणी मॅक्युलाच्या एका प्रकारच्या आजारासाठी होती. आरपीसाठी नव्हती, काचबिंदूसाठी तर नव्हतीच.

याहून कठीण बाजू पुढे आहे. चिप बसवणारी कंपनी बंद पडली तर काय? हे काल्पनिक संकट नाही. ऑप्टोबायॉनिक्स बुडाली हे वर आलंच. जर्मनीतली रेटिना इम्प्लांट २०१९ मध्ये बंद झाली. सेकंड साइटने जगभरात सुमारे ३५० लोकांच्या डोळ्यांत आर्गस बसवले, २०१९ मध्ये ते उत्पादन थांबवलं आणि २०२० मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना काढून टाकलं. ज्यांचे चष्मे किंवा संगणक बिघडले त्यांना दुरुस्ती मिळेना. डोळ्यात उपकरण आहे, पण ते चालवणारा बाहेरचा भाग मृत, अशा अवस्थेत माणसं अडकली. काही जण दुसऱ्या रुग्णांकडून जुने सुटे भाग मिळवत राहिले. प्रिमाची मूळ कंपनी, पॅरिसची पिक्सियम व्हिजन, हीसुद्धा आर्थिक संकटात सापडली. कॅलिफोर्नियातल्या सायन्स कॉर्पोरेशनने २०२४ मध्ये प्रिमाचे हक्क विकत घेतले म्हणून हे काम पुढे सरकलं.

चारही कंपन्यांची गत सारखी झाली, त्याचं कारण समजण्यासारखं आहे. अशा चिपची गरज असलेले रुग्ण थोडे, खर्च अफाट, आणि गुंतवणूकदारांना पैसे लवकर परत हवे असतात. पण एकदा माणसाच्या शरीरात बसलेली वस्तू बाजारातल्या इतर मालासारखी मागे घेता येत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की, डोळ्यात, कानात किंवा मेंदूत कायमचं उपकरण बसवायला परवानगी देताना सरकारांनी दोन अटी घालायला हव्यात. कंपनी बुडाली तरी निदान दहा वर्षं दुरुस्ती चालेल एवढा निधी वेगळा बाजूला ठेवलेला असावा. आणि उपकरणाचे आराखडे व सॉफ्टवेअर एखाद्या तटस्थ संस्थेकडे जमा असावेत, म्हणजे दुसरं कुणी ते काम हाती घेऊ शकेल. पुढेमागे अशा चिप भारतात येतील. हे नियम त्याआधी व्हायला हवेत.

तोपर्यंत काय? त्या तलाठीकाकांना मी सांगितलं की अर्धा एकर विकू नका. त्यांचा आजार काचबिंदूचा आहे, आणि या चिपचा त्यांना उपयोग नाही. त्यांच्यासाठी आज जे करता येतं ते आम्ही केलं. मोबाइलमधलं बोलणारं ॲप सुरू करून दिलं, जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी लावायला सांगितली, पांढरी काठी वापरायला शिकवली. मॅक्युलाच्या रुग्णांना आम्ही कडेच्या नजरेने वाचण्याचा सराव देतो, दिव्याचं भिंग देतो, चहा पांढऱ्या कपात आणि दूध गडद कपात घ्यायला सांगतो म्हणजे कपाची कड दिसते. दृष्टीचं अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी प्रमाणपत्र मिळतं. ते काढायला लोक लाजतात, तसं करू नये. आणि आरपी पूर्ण बरा करतो असं सांगून लाखो रुपये मागणारे कुणी भेटले तर त्यांच्यापासून दूर राहावं.

वाचकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर मुलांच्या चौकटीच्या गणिताच्या वहीतल्या पानावर मधोमध एक ठिपका काढा आणि ते पान त्यांच्यासमोर धरा. वाचायचा चष्मा घालून, एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगा. मग दुसरा डोळा. रेषा वाकड्या, तुटक किंवा मधोमध पुसलेल्या दिसल्या तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे न्या. मॅक्युलाचा ओला प्रकार वेळेत कळला तर इंजेक्शनांनी नजर वाचवता येते. दुसरी गोष्ट, अंधांना दृष्टी देणाऱ्या नव्या चिपची बातमी पुन्हा येईल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. ती कोणत्या आजारासाठी आहे? किती माणसांवर, किती काळ तपासली? आणि दहा वर्षांनी ती बिघडली तर दुरुस्त कोण करणार? या तिन्हींची उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय कुणीही एक रुपयाही देऊ नये.